काहीही ऐकू न येणारं यंत्र

"माणसाचा सगळा इतिहास म्हणजे गोंगाटातून कामाचा आवाज वेगळा काढण्याची धडपड आहे," असं रेडिओकाकांनी एका सकाळी न्याहारीच्या टेबलावरून जाहीर केलं आणि कुणीतरी हे वाक्य टिपून घेईल एवढा वेळ ते थांबले.

"काय म्हणालात?" स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "मिक्सर चालू होता."

काकांनी वाक्य पुन्हा म्हटलं. पण भव्य वाक्यांचं एक वाईट असतं. दुसऱ्यांदा म्हटली की ती निवलेल्या चहासारखी लागतात. तेवढ्यात काकू हात पुसत बाहेर आल्या.

"इतिहासाचं मागाहून बघू," त्या म्हणाल्या. "तो डाग आता कपाटाच्या मागे पोचलाय. तुमचा लोकरीचा कोट हिरवा झालाय."

"तो करडा होता."

"तेच म्हणतेय मी."

तर हा डाग. काका-काकूंच्या झोपायच्या खोलीत, छताला लागून असलेल्या कोपऱ्यात तो पहिल्यांदा दिसला तेव्हा तळहाताएवढा होता आणि स्वभावाने गरीब वाटला होता. मग तो वाढला. त्याला किनारे फुटले, उपसागर फुटले, एक द्वीपकल्प पलंगाच्या दिशेने निघालं. शेवटी काका-काकूंनी माघार घेतली आणि बाहेरच्या खोलीत स्थलांतर केलं. काकू दिवाणावर झोपत. काका सोफ्यावर झोपत, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे काका सोफ्यावर झोपत. उरलेले काका एका खुर्चीवर ठेवावे लागत.

ओल वरून येत होती हे उघड होतं. वर राहत होते हेडमास्तर. ते निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोचली नव्हती.

"माझ्या नळातलं पाणी माझ्या बादलीत पडतं," इमारतीच्या समितीपुढे हेडमास्तरांनी सांगितलं. "ते मी रोज डोळ्यांनी पाहतो. आता तुमचा पुरावा दाखवा."

"डाग आहे ना!" काका उभे राहून म्हणाले.

"डाग हा पुरावा नव्हे. डाग ही तक्रार आहे. बसा खाली."

काका बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण वर्गात नाही, पण तोवर बसून झालं होतं.

समितीचे सेक्रेटरी हे नियमांवर मनापासून प्रेम करणारे गृहस्थ. नियमांच्या चोपडीवर त्यांनी पारदर्शक कव्हर घातलं होतं. त्यांनी नियम वाचला. ज्याच्या नळाची गळती सिद्ध होईल त्याची न्हाणीघराची फरशी फोडायची. सिद्ध झाली नाही, तर तक्रारदाराची भिंत त्याच्याच बाजूने फोडून आत काय आहे ते बघायचं.

"पण मीच ओला होतोय आणि माझीच भिंत फोडायची?" काकांनी विचारलं.

"नियमात ओलं-सुकं असा भेद नाही," सेक्रेटरी म्हणाले.

इमारतीचा ठरलेला प्लंबर दाराशी उभा होता. हा मनुष्य कुठल्याही दुखण्यावर एकच निदान करत असे, आणि ते त्याने न मागता केलं. "फोडावं लागेल."

"कुठून?"

"सगळीकडून."

काकांच्या समोरच्या घरात विमा विकणारे एक गृहस्थ राहत. त्यांना सगळे विमावाले म्हणत. त्यांनी काकांना बाजूला घेतलं. "काका, ऐका माझं. सगळ्या भिंतीलाच त्या डागाचा रंग देऊन टाका. मग डाग दिसणार नाही. लोक म्हणतील, वा, काय वेगळा रंग निवडलाय!"

काकूंचं म्हणणं आणखी थोडक्यात होतं. "ज्या दिवशी ती भिंत फुटेल त्या दिवशी मी बहिणीकडे जाईन. धूळ खाली बसली की कळवा."

अशा रीतीने चहूबाजूंनी कोंडी झाल्यावर काका पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले, "काही फोडायची गरज नाही. गळती कुठे आहे ते मी ऐकून सांगतो."

सगळ्या समितीने त्यांच्या कानांकडे पाहिलं. कान साधेच होते.

आता इथे काकांच्या धंद्याबद्दल बोलणं भाग आहे. इमारत त्यांना रेडिओकाका म्हणत असली तरी जन्मात त्यांनी एकही रेडिओ दुरुस्त केला नव्हता. एका कारखान्यात ते आयुष्यभर अ‍ॅम्प्लिफायर आखत होते. अ‍ॅम्प्लिफायर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गल्लीच्या तोंडाशी लावलेले कपाटाएवढे कर्णे येतात. काकांचे अ‍ॅम्प्लिफायर नखाएवढ्या जागेत बसत आणि हृदयाचे ठोके टिपणाऱ्या यंत्रांत जात. माणसाच्या छातीवर उमटणारी विजेची चाहूल इतकी बारीक असते की ती मोठी करून दाखवणाऱ्याने स्वतः अगदी तोंड मिटून बसावं लागतं. आणि खरी मेख तिथेच आहे. विजेच्या कामातली कुठलीही वस्तू नुसती बसून राहिली तरी स्वतःशी पुटपुटत असते. तिला जास्त वीज पाजावी तर पुटपुटणं कमी होतं, पण सेल दोन दिवसांत संपतात. वीज कमी पाजावी तर सेल टिकतात, पण पुटपुटणं वाढतं. वीज थोडी आणि तोंडही बंद, अशी दोन्ही सोंगं एकाच वेळी साधायची, यातच काकांचं आयुष्य गेलं होतं.

या कामाचं यश असं की ते झालंय हे कुणालाच कळत नाही. यंत्र बिघडलं की डॉक्टर ओरडतात, नीट चाललं की कुणी काही म्हणत नाही. काकांना कुणी काही म्हणालं नव्हतं. एवढंच काय, निरोपसमारंभात व्यवस्थापकांच्या पत्नीने काकूंना विचारलं होतं, "तुमचे हे नक्की काय करायचे?" त्यावर काकू जरा विचार करून म्हणाल्या होत्या, "आवाजाचं काहीतरी करतात. म्हणजे, करत नाहीत." खरं तर काकांच्या कामाचं इतकं अचूक वर्णन कारखान्याच्या माहितीपत्रकातही नव्हतं. पण काकांना ते लागलं. तेव्हापासून त्यांची एकच इच्छा होती. काकूंनी एकदा, फक्त एकदा, आपण केलेलं यंत्र कानाला लावावं आणि 'वा' म्हणावं. मोठ्याने म्हणण्याचीही गरज नव्हती.

तर आता डागाच्या निमित्ताने ती संधी चालून आली. भिंतीतल्या नळाला बारीक भोक असेल तर त्यातून दाबाखालचं पाणी निसटताना अतिशय बारीक आवाज होतो. कोटाच्या बटणाएवढी एक चकती भिंतीला चिकटवायची, म्हणजे भिंतीची थरथर विजेत उतरते. ती मोठी करायची आणि ऐकायची. जिथे आवाज जास्त तिथे गळती. इतकं सोपं होतं की काकांनी दुसऱ्याच दिवशी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं.

"जेवायचं कुठे?" काकूंनी विचारलं.

"फार तर दोन दिवस."

असं म्हणणाऱ्या माणसाच्या घरी पुढे किती दिवस मांडीवर ताट घेऊन जेवतात, हे अनुभवी वाचकांना सांगायला नको.

पहिला प्रश्न सेलचा. घरच्या विजेवर यंत्र चालवावं तर ती वीज आपल्याबरोबर एक घुंईऽऽ असा सूर घेऊन येते, म्हणून सेलच हवेत. नवे सेल आणीपर्यंत धीर धरणं काकांना जमणारं नव्हतं. त्यांनी आधी टीव्हीच्या रिमोटमधले काढले, मग भिंतीवरच्या घड्याळातले, आणि शेवटी दारावरच्या घंटीचे. परिणाम असा झाला की डाग तात्पुरता थोपवायला आलेला प्लंबर दाराबाहेर घंटीचं मुकं बटण दाबत उभा राहिला, मग निघून गेला आणि त्याने समितीला कळवलं की तक्रारदार घरी सापडत नाही. सेक्रेटरींनी तशी नोंद केली. घरात किती वाजले होते हे कुणालाच माहीत नसल्याने काकांना ती नोंद खोडूनही काढता येईना.

यंत्र जुळवून काकांनी ते पहिल्यांदा कानाला लावलं. कारखान्यात मोडीत निघालेले जुने हेडफोन त्यांच्याकडे होते, कानावर उशा बांधल्यासारखे जाडजूड. त्यातून ऐकू आलं ते घुंईऽऽ. सेलवर चालवूनही घुंईऽऽ, कारण इमारतीच्या भिंतीभिंतीतून विजेच्या तारा गेल्या होत्या आणि चकतीच्या वायरला त्या सगळ्यांशी बोलायचं होतं. यावर उपाय म्हणजे यंत्राला पत्र्याच्या डब्यात कोंडणं. घरात चांगला घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा एकच होता आणि त्यात चहा होता. काकांनी चहा साखरेच्या बरणीत ओतला, साखर मिठाच्या बरणीत, मीठ कपड्यांच्या साबणाच्या डब्यात आणि साबणाची पूड एका रिकाम्या बरणीत, जी काकूंनी दुधाच्या पावडरीसाठी धुऊन ठेवली होती. हे सगळं कुणाला सांगायचं राहून गेलं. संध्याकाळी विमावाले चहाला आले. एक घोट घेतल्यावर त्यांच्या ओठांवर बारीकसा फेस आला, आणि पुढे कित्येक दिवस ते विमा घेऊन काकांकडे फिरकले नाहीत. या प्रकल्पातून काकांना झालेला लाभ तो एवढाच.

काकूंनी मात्र सगळ्या बरण्या टेबलावर एका ओळीत मांडल्या आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काकांना समितीपुढे जितकं लहान वाटलं नव्हतं तितकं त्या बरण्यांपुढे वाटलं.

डब्याने घुंईऽऽ गेलं. पण दुसऱ्या दिवशी चकती भिंतीला चिकटवली तर भिंत बोलू लागली. स्पष्ट, शिष्ट, जरा नाकातल्या आवाजात ती म्हणाली की येत्या आठवड्यात हवा कोरडी राहील.

काका गारठले. खरं तर यात जादू काही नव्हती. चकतीची लांब वायर आकाशवाणीच्या लहरी पकडत होती आणि यंत्रातला पहिलाच भाग त्यांचा उलगडा करत होता. असले प्रकार या धंद्यात होतात आणि ज्याच्या यंत्रात होतात तो ते कुणाला सांगत नाही. पण नेमके त्याच वेळी ऐकायला म्हणून सेक्रेटरी आले होते आणि हेडफोन त्यांच्या कानाला होते. अर्ध्या तासात अर्धी इमारत खोलीत जमली.

"काका! शेवटी रेडिओच केलात की!" विमावाले दुरून म्हणाले.

"हा रेडिओ नाही," काका म्हणाले.

"मग बातम्या कोण सांगतंय?"

"स्टेशन बदलत नाही का याचं?" तळमजल्यावरच्या शिंप्याने विचारलं.

हेडमास्तरांनी हेडफोन लावले, हवामानाचा अंदाज शेवटपर्यंत ऐकला आणि शांतपणे काढून ठेवले. "ऐकलंत? हवा कोरडी आहे. अधिकृत माहिती आहे. मग ओल माझ्याकडून येईलच कशी?"

सेक्रेटरींनी मान डोलावली. काकूंनी यातलं काही ऐकलं नाही. त्या गर्दीला पाणी देत फिरत होत्या.

काकांनी वायर आखूड केली, तिच्यात लहरी अडवणारे बारीक मणी ओवले, पहिला भाग काढून दुसरा घातला. भिंत गप्प झाली. पण इमारतीत भलतीच कुजबूज सुरू झाली. यंत्र भिंतीतून ऐकतं, मग ते नुसतं पाणीच ऐकत असेल कशावरून? हेडमास्तरांच्या घरातून तर दोन दिवस चकार शब्द ऐकू आला नाही. पुढे कळलं की मास्तर आणि मास्तरीणबाई एकमेकांशी पाटीवर लिहून बोलत होते, आणि बाईंनी 'बाजारातून काहीतरी आणा' एवढंच लिहिल्यावर मास्तरांनी त्याखाली 'काय ते स्पष्ट लिहा' असा शेरा मारल्यामुळे त्यांच्यात भांडण झालं होतं, तेही लेखी. तळमजल्यावरचा शिंपी एके दिवशी आपण होऊन दारात उभा राहिला.

"काका, परवा मी तुमच्याबद्दल जे बोललो ना, ते मनापासून नव्हतं बरं का."

"काय बोललात?"

"ते यंत्राच्या नादाने डोकं फिरलंय वगैरे. आणि काकूंची दया येते असंही म्हटलं, पण ते बायको म्हणाली, मी नुसतं हो म्हटलं. तुम्ही ऐकलंच असेल."

काकांनी ऐकलं नव्हतं. आता ऐकलं.

पुढची रात्र त्यांनी सोफ्यावर आणि खुर्चीवर मिळून तळमळत काढली. यंत्र मात्र आता खरोखर सुधारत चाललं होतं. पुटपुटणं घटत घटत इतकं खाली आलं होतं की चकती काढून ठेवली तर कानात नुसती पोकळी जाणवे. आणि एकदा दुपारी, लिफ्ट थांबण्याच्या आणि पाण्याचा पंप सुरू होण्याच्या मधल्या फटीत, काकांना ते ऐकू आलं. एक बारीक, सलग, निर्लज्ज 'स्स्स्स'. चकती वरच्या बाजूला सरकवली तसा तो वाढला. थेट हेडमास्तरांच्या न्हाणीघराखाली. मग पंप सुरू झाला आणि सगळं बुडालं.

"अगं, लवकर ये!" काका ओरडले. "ऐक, ऐक!"

काकू आल्या. हेडफोन त्यांच्या कानावर टेकतात न टेकतात तोच वरच्या कुणीतरी मिक्सर लावला. काकूंनी दचकून हेडफोन काढले.

"मिक्सरचा आवाज मला असाही ऐकू येतो," त्या म्हणाल्या. "त्यासाठी मुद्दाम बोलवायला नको होतं."

त्या क्षणी काकांनी ठरवलं की आता सगळी इमारत गप्प केल्याशिवाय राहायचं नाही.

समितीकडे अर्ज गेला. रविवारी सकाळी थोडा वेळ इमारतीतली सगळी वीज बंद ठेवावी आणि रहिवाशांनी शांत बसावं. या अर्जावर समितीने जितका आरडाओरडा केला तितका पूर्वी कशावरच केला नसेल. शांत म्हणजे किती शांत? खोकला आला तर? तान्ही बाळं कुणाच्या अखत्यारीत येतात? अखेर सेक्रेटरी स्वतः उभे राहिले. "ही जबाबदारी माझी. काकांना अशी शांतता देतो की ज्याचं नाव ते." आणि काकांनी, अहो, या भोळ्या माणसाने, त्यांचे हात हातात घेऊन आभार मानले.

रविवारी सकाळी इमारतीने श्वास रोखला. सेक्रेटरींनी स्वतः जिन्यात उभं राहून एकेक गोष्ट बंद करवली. लिफ्ट थांबली, पंखे थांबले, फ्रिज गप्प झाले. तळमजल्यावर शिंप्याचं मशीन थांबलं. झोपायच्या खोलीत समिती भिंतीला टेकून उभी राहिली, हेडमास्तर मध्यभागी हाताची घडी घालून, विमावाले दाराशी, प्लंबर हातोडा घेऊन. काकू उंबऱ्यात होत्या. समोर डाग होता, ओला, तकतकीत, सगळ्यांइतकाच उत्सुक.

काकांनी चकती चिकटवली. हेडफोन चढवले. डोळे मिटले.

काही नाही.

'स्स्स्स' नाही, घुंईऽऽ नाही, बातम्या नाहीत. आणि मुख्य म्हणजे यंत्राचं स्वतःचं पुटपुटणंही नाही. इतकी वर्षं मोठमोठ्या प्रयोगशाळांत, महागडे भाग वापरून, बंद खोल्यांत जे त्यांना साधलं नव्हतं ते चहाच्या डब्यात साधलं होतं. एवढीशी वीज आणि एवढीही कुरबूर नाही. हे आपल्या हातून झालेलं सर्वांत सुंदर काम आहे हे काकांना समजलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"काय ऐकू येतंय?" सेक्रेटरींनी कुजबुजत विचारलं.

"काहीच नाही," काका गदगदून म्हणाले.

"म्हणजे बंद आहे," विमावाले म्हणाले.

"बंद नाही! म्हणूनच तर काही ऐकू येत नाही!"

हे वाक्य काकांना जितकं स्पष्ट वाटलं तितकं इतरांना वाटलं नसावं. एकेकाने हेडफोन लावून पाहिले आणि एकेकाने आजारी माणसाजवळ बसल्यावर हलवतात तशी मान हलवली. काकांना राहवेना. सेक्रेटरींच्या कानावर हेडफोन असताना त्यांनी भिंतीवर हलकेच नख आपटलं. सेक्रेटरी किंचाळून, हेडफोनची वायर डब्यातून उपटत, पलंगावर पडले.

"तोफ!" ते म्हणाले. "तोफ सुटली!"

"पाहिलंत?" काका विजयाने म्हणाले. "चालू आहे यंत्र! मुंगी चालली तरी ऐकू येईल!"

"म्हणजे यंत्र उत्तम चालतंय," हेडमास्तर सावकाश म्हणाले.

"उत्तम!"

"त्याला मुंगीसुद्धा ऐकू येते."

"हो तर!"

"आणि पाणी ऐकू येत नाही." हेडमास्तरांनी समितीकडे वळून दोन्ही हात पसरले. "मला या यंत्राबद्दल शंका होती. ती मी मागे घेतो. इतकं चांगलं यंत्र मी पाहिलेलं नाही. लिहून घ्या, सेक्रेटरी. गळती नाही."

आपल्या कामाची आयुष्यातली पहिली स्तुती काकांनी अशी, भिंतीला पाठ लावून, तोंड उघडं टाकून ऐकली. मग त्यांच्या मनात एक भयंकर शंका आली.

"सेक्रेटरी, नळांना पाणी चालू आहे ना?"

"छे!" पलंगावरून उठत सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले. "तुमच्या अर्जात नव्हतं ते, पण मी डोकं चालवलं. म्हटलं, नळातून पाणी वाहताना केवढा आवाज होतो! खालचा मुख्य व्हॉल्व्हच बंद करून टाकला. शांतता म्हणजे शांतता."

खोलीत कुणी बोललं नाही. खरोखर, अशी शांतता इमारतीत पुन्हा होणे नाही.

"पण पाणीच बंद असेल तर गळेल काय?" काका म्हणाले. "व्हॉल्व्ह उघडा. पुन्हा ऐकू. एकदाच."

"फेरपरीक्षा नाही," हेडमास्तर म्हणाले. "तारीख तुमची, यंत्र तुमचं, अर्ज तुमचा. निकाल लागला."

सेक्रेटरींनी चोपडी उघडली, आणि नियमाने जे सांगितलं होतं तेच सांगितलं. उद्या सकाळी काकांची भिंत काकांच्या बाजूने फोडायची. प्लंबरने भिंतीकडे असं पाहिलं जसं गवंडी स्वतःच्या घराच्या जागेकडे पाहतो.

मंडळी खाली गेली. पण संकटं आली की ती एकेकटी निघत नाहीत. व्हॉल्व्ह कित्येक वर्षांत कुणी फिरवला नव्हता. बंद करताना तो कसाबसा फिरला, आता उघडताना त्याची मूठच सेक्रेटरींच्या हातात आली. विजेच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती तो पहारेकरी, आज शांतता आहे म्हणून, सुट्टी घेऊन गेला होता. जिन्यातून आवाज चढू लागले. "पाणी नाही!" "लिफ्ट बंद!" "अंगाला साबण लावलाय!" आणि या सगळ्यांत वरचढ, मजल्यामजल्यावरून आपटत येणारा एक सूर: "रेडिओकाकांमुळे!"

काका पलंगाच्या कडेवर बसले होते. हेडफोन मांडीवर होते. काकू आत आल्या आणि त्यांच्याशेजारी बसल्या.

"बॅग भरलीस?" काकांनी विचारलं.

"भरतेय."

"जाण्याआधी एक करशील? एकदा हे कानाला लाव. निदान तू तरी. मी म्हणतो म्हणून."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काय पाहिलं ते त्यांनाच ठाऊक, पण त्यांनी हेडफोन घेतले आणि कानांवर नीट बसवले. काकांनी चकती भिंतीवर दाबून धरली आणि श्वास रोखला. जिन्यात कुणीतरी बादली आपटत होतं, हेडमास्तर कुणालातरी बाकावर उभं राहायला सांगत होते. काकूंचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. कपाळावरची आठी गेली. डागाच्या पहिल्या दिवसापासून असा चेहरा काकांनी पाहिला नव्हता.

"अहो," त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तशा, "खरंच काहीच ऐकू येत नाही हो!"

"तेच! तेच तर!" काका उठून उभे राहिले. आणि मग इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. "हेच मी करत होतो गं. सगळा जन्म हेच. आवाज करणं कुणालाही येतं, पण स्वतः गप्प राहून दुसऱ्याचं ऐकवणं... त्या डॉक्टरांना कधी कळलं नाही, साहेबांना कळलं नाही. मी मनात म्हणायचो, एक माणूस समजून घेईल तर पुष्कळ झालं. आज तू ऐकलंस. भिंत फुटू दे आता. काही वाटणार नाही मला."

काकू डोळे मिटून होत्या. बोलणं संपल्यावर काकांनी पाहिलं, त्यांच्या ओठांवर हसू होतं.

"वा," काकू म्हणाल्या.

काकूंनी डोळे उघडले, एका कानावरची उशी जराशी उचलली, जिन्यातला कल्लोळ आत आला तशी घाईघाईने पुन्हा बसवली, आणि दुसऱ्या हाताने काकांची बाही ओढली.

"हे मी बहिणीकडे नेऊ का? तिच्याकडे दुपारी फार गडबड असते, झोप म्हणून लागत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त ही वायर तेवढी कापून द्या. मानेला टोचते."